न आलेला गुलाबी पट्टा

दूध उकळून प्यावं, हे साधं वाक्य मी जितक्या रागाने बोलले आहे, तितक्या रागाने लोक शिव्याही देत नसतील. कुणी धारोष्ण दुधाचं कौतुक सुरू केलं की माझं डोकं फिरतं. मग लग्नाचा मांडव असो नाहीतर एसटीचं बाक असो. नवरा म्हणतो, जाऊ दे. मी जाऊ देत नाही. त्याचं कारण आमच्या गावात आहे, आणि गावात नेमकं कुठे विचाराल तर दूध संस्थेच्या चेअरमनच्या गोठ्यात.

गाव धारूरच्या अलीकडे, बालाघाटाच्या उतारावर. जमीन मुरमाड. पाऊस झाला तर बाजरी आणि तूर, नाही झाला तर अर्धं गाव ऊसतोडीला. जे मागे राहतात त्यांना दुधाचा आधार. आमच्या बौद्धवस्तीतल्या बायांनी दुभती जनावरं घेतली तेव्हा संस्थेने आमच्या दुधाला वेगळा कॅन ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणायचे, फॅट कमी लागतं. फॅट मोजायचं यंत्र समोर असायचं आणि त्यात आमचं फॅट कमी लागत नसे. शेवटी माझी माय चार बायांना घेऊन तालुक्याला गेली, साहेबाच्या दारात बसली, आणि सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये पडायला लागलं. हे मी शाळेत असतानाचं.

त्या दिवसापासून चेअरमनच्या घरात संस्थेचं दूध गेलं नाही. आधी त्यांच्या गाई आटल्या की संस्थेतून तांब्याभर दूध घरी जायचं. ते बंद झालं. चेअरमनची बायको म्हणायची, "जगाचं दूध जगाला. आमच्या घरात आमच्या दावणीचं." संस्था चालवायची, संस्थेच्या गाडीतून फिरायचं, संस्थेच्या नावाने मतं मागायची, पण संस्थेचं दूध मात्र विटाळाचं. असा त्यांचा सहकार.

मग ओळीने दुष्काळ पडले. विहिरींचे तळ उघडे पडले. संस्थेने माळावर चारा छावणी काढली आणि पाच-पंचवीस गावांची जनावरं दावणीला दावण लावून हिरव्या जाळीखाली उभी राहिली. मायला छावणीवर काम मिळालं. शेण उचलायचं, चारा ओढून टाकायचा. सकाळी त्याआधी चेअरमनचा गोठा झाडायचा. मी तेव्हा शहरात क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले होते. मी म्हणायचे, माय, सोड ते काम, माझ्याकडे ये. ती म्हणायची, तुझ्या दोन खोल्यांत मी करू काय, तुझ्या जंतूंशी बोलत बसू?

चेअरमनच्या गोठ्यातल्या सगळ्या गाई त्या वर्षी आटल्या. संस्थेचं दूध चालत नाही आणि घरात सून पोटुशी. म्हणून त्यांनी छावणीतून एक गाय घेतली. तांबडी, उंच, कासेला मोठी. घाटनांदूरकडच्या एका माणसाची होती. गाय हाडकलेली होती आणि खोकायची. पण दुष्काळात जाड गाय कुठे दिसते, दाखवा मला. चारा पडला की धरेल अंग, असं म्हणून तिला घरी नेली.

त्या घरची रीत अशी होती की पोटुशी सुनेने सकाळी गोठ्याच्या दारात उभं राहायचं, गडी धार काढणार, आणि चांदीच्या पेल्यात फेसासकट कोमट दूध सासू तिच्या हातात देणार. उभ्याउभ्या पोटात गेलं पाहिजे. चुलीवर चढलं की दुधातलं बळ जातं, असं सासूचं म्हणणं. माय हे रोज बघायची, शेणाची पाटी घेऊन बाजूला उभी राहून. पेला रिकामा होईपर्यंत तिने गोठ्यात पाय टाकायचा नाही, ही पण रीतच.

सून बाळंत झाली. बाळ चांगलं. दूध पिणं पुढेही चालूच राहिलं, अंगावर पाजते म्हणून. मग तिच्या मानेला गाठी आल्या. आधी एक, मग तिच्या खाली माळेसारख्या दोन-तीन. आधी लेप झाले, मग कुणीतरी मंत्रून दिलेला दोरा झाला, आणि शेवटी दवाखाना. गाठींचा क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या. गाठी मात्र हटेनात, त्यातली एक तर पिकायला लागली.

आणि मग घरात प्रश्न निघाला, आपल्यासारख्यांच्या घरात हे आलं कुठून.

मायचा फोन आला तेव्हा मी बाजारात भाजी घेत होते. तिचा आवाज नेहमीसारखाच चढा होता, पण मध्येच तुटला. "मला छावणीवरून काडलं," ती म्हणाली. "गोठ्यावरून बी. आन टँकरला मागं उभं ऱ्हा म्हनले. सगळ्यांचं भरून झाल्यावर. म्हने तुज्या घागरीचा वारा नगं."

"का?"

"चेअरमननं उठवलंय. सुनंला माज्यापून टीबी लागला म्हनं."

मायला टीबी झाला होता, हे खरं. मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. छातीचा होता. तिने सरकारी गोळ्या एकही न चुकवता घेतल्या, तोंड वाकडं करत, गोळ्यांच्या आयमायचा उद्धार करत, आणि ती खडखडीत बरी झाली. माझ्या या नोकरीचं मूळही त्या गोळ्यांतच आहे. गाव हे सगळं विसरलं होतं. चेअरमनने ते उकरून काढलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला त्यांना जवळचं वांगं सापडलं.

मी रजा काढून गावी गेले. आधी मायचा बेडका तपासून घेतला, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ. ते कागद घेऊन संस्थेच्या कचेरीत गेले. चेअरमन खुर्चीत बसले होते, समोर सेक्रेटरी, भिंतीला टेकून तीन-चार सभासद. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी आपण होऊन बसले.

"तुजी माय खोकत हुती का न्हाई?" त्यांनी विचारलं.

"होती. किती वर्षं झाली त्याला. बरी झाली."

"बरी झाली का न्हाई ते आमी ठरवू."

मी कागद पुढे सरकवले. त्यांनी हात लावला नाही. सेक्रेटरीकडे बघून हसले. "हे बग बे, आता चोराचं पोरगं पंचनामा करतंय. हितं हीच तपासती, हीच सही करती, आन आमी मान हालवायची."

"सही माझी नाही, डॉक्टरांची आहे."

"तुमचंच सगळं. जा बाई, जा. मायला सांग, घरात बस म्हनावं. आमी काय तिला गावातून काडलं न्हाई."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. छापणार नाही कुणी. पण एक खरं सांगते, परतीच्या बसमध्ये मला त्यांच्याइतकाच स्वतःच्या विद्येचा राग आला होता. माय आज निरोगी आहे एवढंच माझे कागद सांगत होते. सुनेला तिच्यापासून लागलं नाही, हे त्यातला एकही कागद सांगत नव्हता. तसा कागद मिळेपर्यंत माय टँकरला शेवटी उभी राहणार होती. टँकर शेवटाला येईपर्यंत पाण्यापेक्षा गाळच जास्त यायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

पुढे काही आठवड्यांनी प्रयोगशाळेत जे नमुने आले, त्यांत एका पिकलेल्या गाठीचा पू होता. लेबलावर आमचं गाव होतं आणि चेअरमनचं आडनाव. औषधाचा गुण येत नाही, तपासावं, अशी डॉक्टरांची चिठ्ठी. मी ती बाटली हातात घेऊन आमच्या प्रमुख मॅडमकडे गेले आणि म्हणाले, ही माझ्या गावची आहे, आणि या घराशी माझं भांडण आहे. हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "भांडण जंतूशी आहे का?"

"नाही."

"मग तू कर. वाचताना मी शेजारी उभी राहीन. दोघींच्या सह्या."

क्षयाचा जंतू वाढवायला आम्ही अंड्यांपासून केलेलं एक हिरवं, थिजलेलं खाद्य वापरतो. छोट्या बाटलीत तिरकं थिजवायचं, वर नमुना सोडायचा, उबेत ठेवायचा, आणि वाट बघायची. हा जंतू इतका सावकाश वाढतो की वाट बघणाऱ्याचं पित्त खवळावं. त्याला कुठलीच घाई नसते. एका बाटलीत ग्लिसरीन घालतात, कारण माणसाच्या क्षयाचा जंतू ते चवीने खातो. दुसऱ्या बाटलीत ग्लिसरीनऐवजी पायरुव्हेट नावाचा क्षार.

आठवडे गेले. ग्लिसरीनच्या बाटलीत वाढ आली ती खुरटी, पाण्यावाचून राहिलेल्या पेरणीसारखी. पायरुव्हेटच्या बाटलीत मात्र बऱ्यापैकी. मी ती बाटली उजेडाला धरून पुन्हा पुन्हा बघितली. अन्न पचवायला जसे आपल्या पोटात रस असतात, तशी जंतूकडेही एकेका कामाची एकेक हत्यारं असतात. पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात, आम्ही बोलताना एन्झाइम म्हणतो. ग्लिसरीनपासून ताकद काढायची जी साखळी आहे, तिच्यातलं एक विकर गाईच्या क्षयाच्या जंतूत निकामी असतं. म्हणून त्याला ग्लिसरीन पचत नाही. माणसाचा जंतू आणि गाईचा जंतू, दोघं सख्खे भाऊ, दिसायला सारखे. फरक पडतो तो असा ताटात वाढल्यावर.

पण एवढ्यावर कुणी शपथ घेत नाही. खरी साक्ष दुसऱ्या विकराची.

क्षयाच्या रोग्याला सुरुवातीला चार औषधं देतात. त्यातलं एक पायरॅझिनामाइड. हे औषध मोठं कपटी आहे आणि म्हणून माझं लाडकं. ते स्वतः जंतूला काही करत नाही. जंतू त्याला आत घेतो, आपल्या एका विकराने त्याचा लचका तोडतो, आणि त्यातून आम्ल तयार होतं. त्या आम्लाने जंतू मरतो. म्हणजे विष तोच रांधतो, तोच खातो. पण हे विकर असतं माणसाच्या जंतूजवळ. गाईच्या जंतूजवळ ते चालतच नाही. त्याच्यापुढे ही गोळी म्हणजे गाढवापुढे वाचलेली गीता. रोगी बिचारा मळमळ सोसून गोळी गिळत राहतो आणि जंतू मजेत.

तपासणी अशी की नळीत ते औषध घालून पारदर्शक खाद्य थिजवायचं, वर जंतू पसरायचा, काही दिवस उबेत ठेवायचं. मग वरून लोहाच्या क्षाराचं पाणी सोडायचं. विकर असेल तर खाद्यात गुलाबी पट्टा उमटतो. नसेल तर काही होत नाही.

ते काही दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. इकडे मायचा फोन रोजचा. आज सगळ्यात मागं, आज चिखल आला, आज चेअरमनची बायको तोंडाला पदर लावून गेली. क्षयाच्या जंतूजवळ आणखी एक विकर असतं. खायला गोड काही मिळेनासं झालं की तो रोग्याच्या अंगातली चरबी खाऊन तग धरतो, त्याची ती सोय. सगळं वाळतं आणि हा टिकतो. हे मी पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हाही मला चेअरमनच आठवले होते. पावसाच्या वर्षी त्यांना कोण विचारतं? दुष्काळ पडला की छावणी त्यांची, टँकर त्यांचा, चाऱ्याची गाडी कुणाच्या दारात आधी थांबणार तेही त्यांच्याच हातात. पोट सुटलं त्यांचं त्या वर्षांत.

नळ्या काढल्या तेव्हा मॅडम शेजारी उभ्या होत्या. तीन नळ्या. एकीत आमच्याकडचा ओळखीचा माणसाचा जंतू, दुसरीत ओळखीचा गाईचा, तिसरीत गावचा. मी तिन्हींवर लोहाचं पाणी सोडलं. पहिलीत हळूहळू गुलाबी पट्टा आला, जास्वंदीच्या फिकट पाकळीसारखा. दुसरी कोरी. मी तिसरीकडे बघत राहिले. इतर वेळी पट्टा यावा म्हणून जीव टाकणारी मी, त्या दिवशी मनात म्हणत होते, येऊ नको, येऊ नको. मॅडमनी थंड कपाटात ठेवून पुन्हा बघायला लावलं. पुन्हा बघितलं. तिसरी कोरीच.

"गाय," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. मी संडासात जाऊन रडले. आनंदाने नाही. संतापाने.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्या कुटुंबाला बोलावलं आणि समजावून सांगायला आम्हा दोघींनाही. चेअरमन आले, मुलगा आला, सून आली. मानेभोवती पदर घट्ट गुंडाळलेला. डॉक्टरांनी सांगितलं की चारातली एक गोळी या जंतूवर चालतच नाही, म्हणून बाकीची औषधं नेहमीपेक्षा जास्त महिने घ्यावी लागतील, पण बरं होईल. मग विचारलं, कच्चं दूध कुणी पितं का?

सासरा आणि नवरा एकदमच म्हणाले, "न्हाई."

सून म्हणाली, "मी पिते." इतक्या हळू, की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "मी पिते. रोज. देतात." तोवर त्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं.

चेअरमनचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. उचलली जीभ लावली टाळ्याला. "आसं हाय का? मंग त्या बाईनंच गाईला दिला आसंल. रोज गोठ्यात येत हुती ना! तिच्यापून गाईला, गाईपून सुनंला." आणि माझ्याकडे असं बघितलं, की जिंकलेच.

माझा आवाज चढला. चढू दिला. "माझ्या मायचा जंतू माणसाचा होता," मी म्हणाले. "याच गोळ्यांनी मेला, वेळेत मेला. तो गाईच्या अंगात गेला असता तरी माणसाचाच राहिला असता. गोठा बदलला म्हणून त्याची जात बदलत नाही. तुमच्या सुनेच्या गाठीत तो असता, तर आमच्या नळीत गुलाबी पट्टा आला असता. आला नाही. हा जन्माचाच गाईचा आहे. छावणीतून तुम्ही विकत आणलात आणि चांदीच्या पेल्यातून पाजलात."

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. चेअरमन उठले. "चल," एवढंच सुनेला म्हणाले.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून जनावरांचे डॉक्टर गेले, क्षयाची चाचणी म्हणून गाईच्या मानेत टोचलं, दोन-तीन दिवसांनी तिथे टरटरून सूज आली. गाय क्षयाची निघाली. हे आमच्या मॅडमना कळवलं गेलं, म्हणून मला कळलं. गावात कुणालाही कळलं नाही. दुसऱ्याच्या घरच्या रोग्याचा निकाल चावडीवर वाचायचा माझा धर्म नाही, आणि ज्यांनी सांगायचं त्यांनी दातखीळ बसवून घेतली. माय टँकरला शेवटचीच राहिली.

मग एक दिवस तिचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. "बाई, चेअरमननं मला गाय दिली!"

"काय दिली?"

"गाय. संस्थेकून. गरजू महिलेला म्हनून. हार घातला, फोटू काडला. चुकलं म्हनला न्हाई, ते त्येच्या तोंडातून कवा निगायचं? पर गाय दिली. म्हंजे कळलं आसंल ना त्येला?"

"कसली आहे?"

"तांबडी. लई दूध हाय."

दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. चेअरमनला ती क्षयाची गाय मारता येत नाही, चारा घालून पोसवत नाही, घरात ठेवली तर सून बोलेल. बौद्धवस्तीत बांधली की सुंठीवाचून खोकला गेला. शिवाय पुढे मायला काही झालंच, तर गाव म्हणायला मोकळं, बघा, आम्ही म्हणतच होतो.

"दूध प्यालीस?"

"चा केला. उकळलं की चांगलं, तीनदा वर आनलं. तू माजं डोस्कं खाल्लंयस न्हवं त्येच्यापायी."

मी तिथेच जिन्यावर बसले. मग तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हंजे ही माफी न्हवती?"

"नाही, माय."

"ये," ती म्हणाली. "आन तुजी ती जंतू मारायची पांढरी पावडर घिऊन ये."

सकाळी संस्थेवर दूध घालायची वेळ. कॅन, किटल्या, रांग. माय त्या तांबड्या गाईला दाव्याने धरून भर रस्त्यातून चालत आली. मी मागून, पिशवीत ब्लीचिंग पावडर. तिने गाय कचेरीच्या खिडकीच्या गजाला बांधली, नाकातोंडाला पदर बांधला, खाली बसली आणि सगळ्यांसमोर स्टीलच्या पेल्यात धार काढली. फेस आला. पेला घेऊन ती चेअरमनच्या टेबलापुढे उभी राहिली. रांग आपोआप आत वळली.

"घ्या चेअरमन," ती म्हणाली. "सभासदाचं दूध हाय. पर कॅनात न्हाई वतायचं. तुमच्या घरची रीत हाय ना उभ्याउभ्या पेयाची? आत्ताच काडलंय. कोमट हाय."

"येडी झाली का तू? ने ते."

"कावून? माज्या हातचं हाय म्हनून नगं, का ह्या गाईचं हाय म्हनून नगं? दोन्हीतलं एक काय ते चारचौघांत सांगा. मी जाते."

पहिलं बोलावं तर चारचौघांत तो अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा होता, आणि रांगेत अर्धी आमची वस्ती उभी. दुसरं बोलावं तर सगळंच उघडं. चेअरमननी सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरी फॅटच्या यंत्राकडे बघायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या की चेअरमन, लई बळ ऱ्हातं म्हनं कच्च्यात." दोघं-तिघं हसले. माय हसली नाही. तिने पेला खाली घेतला नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं. "गाय आजारी हाय," चेअरमन म्हणाले.

"आयकू आलं न्हाई मागं," माय म्हणाली.

"गाय आजारी हाय! डागतरनं सांगितलंय!"

"काय झालंय तिला?"

ती हात तसाच धरून उभी. "टीबी," ते शेवटी म्हणाले.

"माज्या दारात बांदली तवा ठावं हुतं का न्हवतं?"

मायने पेला बाहेरच्या खड्ड्यात उपडा केला, मी वर पावडर टाकली. गाय तिथेच गजाला बांधलेली ठेवून आम्ही निघालो. जाताना मायने तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "तुजं काय चुकलं गं."

सगळ्यांना कळल्यामुळे ती गाय धारूरच्या बाजारात नेता आली नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला माळावर एकटी ठेवायला लावलं आणि ती तिथेच गेली. सून जास्तीचे महिने औषध घेऊन बरी झाली. मानेवर वण आहे. चेअरमन पुढेही चेअरमनच राहिले. निवडून आले. आमच्याकडे अशा गोष्टींनी मतं जात नाहीत. त्यांनी मायची माफी मागितली नाही, आणि छावणीवरचं काम तिला परत बोलावून दिलं तेव्हाही निरोप सेक्रेटरीकरवी आला. ती गेली नाही.

पण मी सांगणार आहे ते त्याच दिवशीचं. संस्थेवरून घरी आलो तोच टँकरचा हॉर्न वाजला. मायने घागर उचलली. मी म्हटलं, थांब जरा, बस, तुला घाम आलाय. ती थांबली नाही. टँकरपाशी बायांची रांग लागली होती. त्यांतल्या बऱ्याचजणी सकाळी कचेरीत होत्या, उरलेल्यांना तोवर कळलंच होतं. मला वेड्यासारखं वाटत होतं की कुणीतरी म्हणेल, या, पुढे या. कुणी म्हणालं नाही. सगळ्या आपापल्या हंड्यांत बघत होत्या.

माय मागे गेली नाही. रांगेच्या कडेकडेने चालत थेट पाइपापाशी गेली आणि पहिल्या बाईच्या हंड्याला आपली घागर भिडवली.

"सरक," ती म्हणाली.

बाई सरकली.